गणिताचा प्राध्यापक आणि गुप्तरोग

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळाच. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, हिंगण्याची ती झोपडी आपण चित्रात पाहिलेली असते, विधवांच्या शिक्षणाचा विषय निघाला की पहिले नाव त्यांचेच येते. पण याच महर्षींच्या थोरल्या चिरंजिवांचे नाव विचारले, तर आमच्या वर्गात एकही हात वर आला नाही. (मी विचारून पाहिले.) त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाचे आद्य पुरस्कर्ते म्हणून जाणकार मंडळी त्यांना ओळखतात. परंतु त्यांनी 'गुप्तरोगांपासून बचाव' या नावाचे पुस्तकही लिहिले होते, आणि ज्या आजारांचे नाव चारचौघांत काढणे पाप समजत त्यांच्याविषयी शुद्ध मराठीत लिहिणे शेवटपर्यंत सोडले नाही, ही गोष्ट मात्र मागे पडली आहे. प्रस्तुत लेख त्यांच्या चरित्राच्या त्या बाजूविषयी आहे. विषय अवघड आहे, वार्षिक अंकात शोभेल की नाही अशी शंका मैत्रिणींनी काढली, तरीही लिहीत आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. मूळ गाव कोकणातले, दापोलीजवळचे मुरुड. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, आई राधाबाई वारल्या. त्याच वर्षी वडील पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. दोन वर्षांनी, १८९३ च्या मार्चमध्ये, वडिलांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुड गावाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. अकरा वर्षांच्या पोराने ते सर्व पाहिले. एखादे कृत्य योग्य असूनही अख्खा गाव विरोधात जाऊ शकतो, हा धडा त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुढील आयुष्यात समाजाच्या रोषाचे त्यांना जे काहीच वाटेनासे झाले होते, त्याचे मूळ मला इथे दिसते.

बुद्धी मात्र अलौकिक. न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकला ते पहिले आले. फर्ग्युसनमधून बी. ए. झाले, वडिलांप्रमाणेच गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ साली गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. फ्रेंच त्यांना उत्तम येई. सरळ रेषेत चाललेले हे आयुष्य असेच चालू राहिले असते, तर एक हुशार प्राध्यापक म्हणून ते निवृत्त झाले असते आणि त्यांच्यावर लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

आता थोडे विषयांतर करावे लागेल, कारण रघुनाथराव कशाविषयी लिहीत होते हे कळल्याखेरीज त्यांच्या लिहिण्याची किंमत कळणार नाही.

आपल्याकडे या आजारांना नावे होती, नाही असे नाही. गरमी, परमा, बद ही नावे जुन्या माणसांना ठाऊक असतात. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंग' नावाचा रोग आला आहे. फिरंगी लोकांबरोबर आलेला म्हणून फिरंग. त्यालाच पुढे उपदंश म्हणू लागले, इंग्रजीत तो सिफिलिस. परंतु जननेंद्रियावर उठलेला प्रत्येक व्रण म्हणजे गरमीच, अशी सरसकट समजूत होती. ही समजूत अडाण्यांचीच होती असे नाही. युरोपातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा परमा आणि गरमी हे एकाच विषाचे दोन प्रकार मानत. पॅरिसच्या रिकॉर या वैद्याने १८३८ साली ते दोन रोग वेगळे असल्याचे दाखवून दिले. १८५२ मध्ये बासेरो या दुसऱ्या फ्रेंच वैद्याने गरमीचा कठीण व्रण आणि दुसरा एक मऊ, दुखरा व्रण यांत फरक केला. तरीही हे सारे डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून ठरवायचे. जंतू कोणीच पाहिला नव्हता.

आणि इथे एक विलक्षण योग आहे. रघुनाथरावांचे वय आणि या रोगांच्या निदानाची विद्या ही दोन्ही बरोबरच वाढली. ते सात वर्षांचे होते तेव्हा, १८८९ मध्ये, इटलीत नेपल्स येथे डुक्रे यांनी मऊ व्रणाचा जंतू शोधला. रोग्याच्या व्रणातला द्रव त्याच रोग्याच्या दंडाखालच्या कातडीत टोचायचा, तिथे नवा व्रण उठला की त्यातला द्रव पुढे टोचायचा, असे करीत करीत त्यांनी तो जंतू इतर घाणीपासून निराळा काढला. रघुनाथराव तेवीस वर्षांचे असताना, १९०५ मध्ये, बर्लिनला शाउडिन आणि हॉफमन यांना गरमीचा जंतू दिसला. तो मळसूत्रासारखा पिळदार, आणि इतका फिकट की साध्या सूक्ष्मदर्शकात सहज दृष्टीस पडत नाही. त्याच वर्षी आपल्या देशात, मद्रासला, डोनोव्हन नावाच्या डॉक्टरांनी तिसऱ्याच एका व्रणातील पेशींमध्ये बारीक ठिपके पाहिले. तो रोग आज त्यांच्याच नावाने ओळखतात. १९०६ मध्ये वासरमन यांची रक्ततपासणी निघाली आणि त्याच साली काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारा जिवंत जंतू पाहण्याची सूक्ष्मदर्शकाची युक्तीही साधली. १९१० मध्ये एर्लिख यांचे साल्व्हर्सन हे औषध बाजारात आले. म्हणजे रघुनाथराव अठ्ठावीस वर्षांचे होईतो, चारशे वर्षे माणसाला छळणाऱ्या रोगाचा जंतू, त्याची परीक्षा आणि त्याचे औषध ही तिन्ही हाती आली होती!

हाती आली ती युरोपात. मराठी माणसाला त्याचा पत्ता कसा लागावा? लाज आडवी येत होती आणि भाषाही.

व्रण ओळखण्याचे हे प्रकरण मी वाचले तेव्हा ते मला गणितापेक्षा कठीण वाटले. उपदंशाचा व्रण संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठतो. बहुधा एकच असतो, कडा टणक, तळ स्वच्छ, आणि दुखत नाही. डुक्रे यांच्या जंतूचा व्रण काही दिवसांतच उठतो, फार दुखतो, कडा मऊ आणि फाटलेल्या, हात लागला की रक्त येते. पुष्कळदा जांघेत गाठ सुजते, पिकते व फुटते. तीच आपली बद. हर्पिसमध्ये आधी बारीक फोडांचा घोस येतो, आग होते, फोड फुटून उथळ जखमा होतात, त्या बऱ्या होतात आणि काही दिवसांनी पुन्हा येतात. डोनोव्हन यांचा व्रण मांसासारखा लालभडक, सावकाश पसरणारा, आणि आश्चर्य म्हणजे न दुखणारा. आणखी एका प्रकारात व्रण एवढासा उठून जातो, रोग्याच्या ध्यानातही येत नाही, नंतर जांघेतली गाठ तेवढी उरते.

पुस्तकात हे असे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात एकाच माणसाला दोन रोग एकदम असतात, व्रण चिघळला की टणक कडा मऊ वाटते, स्त्रियांमध्ये व्रण आतल्या बाजूस असल्यामुळे दिसतच नाही. तोंडात, ओठावरही तो उठतो. शिवाय त्या जागेची प्रत्येक जखम गुप्तरोगाचीच असते असेही नाही. खरजेने, एखाद्या औषधाच्या विपरीत परिणामाने, साध्या दुखापतीनेसुद्धा तसे होते. म्हणून नुसत्या नजरेने केलेले निदान अनुभवी डॉक्टरचेही चुकते. रक्त तपासावे लागते, व्रणातला द्रव तपासावा लागतो. उपदंशात तर पहिल्या काही दिवसांत रक्त निर्दोष येऊ शकते, तेव्हा ते पुन्हा तपासावे लागते. आज आपल्या देशात मऊ व्रण आणि डोनोव्हनचा रोग क्वचित आढळतात, हर्पिस अधिक दिसतो, उपदंश मात्र गेलेला नाही. यांपैकी कोणताही व्रण असला की एड्सच्या विषाणूला शरीरात शिरायला वाट सापडते. ती गोष्ट रघुनाथरावांच्या काळी कोणालाच माहीत नव्हती.

या साऱ्यात सर्वांत घातक कोणते असेल, तर उपदंशाचा व्रण काही न करताही तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो, हे. रोगी समजतो, सुटलो. वास्तविक जंतू रक्तात गेलेले असतात. पुढे अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ येते, तेही जाते, आणि मग पाच, दहा, वीस वर्षांनी तो हृदयावर, मेंदूवर घाव घालतो. दरम्यान ज्याने कुठली तरी पूड किंवा मलम दिलेले असते, त्याची कीर्ती होते! माझ्या मते भोंदू वैद्यांचा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

आमच्या केडगावहून नगरकडे जाताना किंवा पुणे रस्त्याने प्रवास करताना भिंतींवर रंगवलेली अक्षरे कोणी वाचली नसतील? गुप्तरोग, हमखास इलाज, एकदा अवश्य भेटा. बसस्थानकाच्या मुतारीत तर दुसरे वाङ्मय नसते. 'गुप्तरोग' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो तिथेच, भिंतीवर, दुसरी-तिसरीत असताना. जोडाक्षरे वाचायला नुकती शिकले होते, म्हणून मोठ्याने वाचला आणि आईने पाठीत धपाटा घातला. त्यानंतर तो शब्द मला भेटला तो थेट रघुनाथरावांच्या चरित्रात. मधल्या बारा वर्षांत ना शाळेत, ना घरात. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडील नेप्तीच्या कांदा मार्केटात हमाली करतात, आजोबांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण जो शब्द भिंत बोलते तो वर्ग बोलत नाही, हे काही मला उमगत नाही.

असो. रघुनाथरावांकडे वळू.

पॅरिसहून परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते, यावरून रघुनाथराव काळाच्या किती बरोबर होते ते दिसेल. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या पाठीशी होत्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिले नाही आणि रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. लोकांना सांगायचे ते आधी आपण करायचे, हा गुण त्यांनी वडिलांकडून घेतला असावा. त्या वेळी ते विल्सन कॉलेजात प्राध्यापक होते. संततिनियमनाचा असा उघड प्रचार कॉलेजच्या चालकांना रुचला नाही आणि १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. प्रचार सोडला असता तर नोकरी राहिली असती. त्यांनी नोकरी सोडली.

दोन वर्षांनी, १५ जुलै १९२७ रोजी, 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. शरीराचे आणि मनाचे आरोग्य हा मासिकाचा विषय, आणि त्यात लैंगिक आरोग्याला अग्रस्थान. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. (मला स्वतःला ती चित्रे पटत नाहीत. ज्या स्त्रियांनी हे मासिक वाचायला हवे होते, त्यांनी ते घरात कुठे ठेवायचे?) आतला मजकूर मात्र कोरडा, तर्कशुद्ध, गणिताच्या सिद्धतेसारखा एकेक पायरी मांडलेला. 'शारदेची पत्रे' हे सदर ते स्वतःच एका स्त्रीच्या नावाने लिहीत. प्रश्नोत्तरांचे सदर सर्वांत महत्त्वाचे. ज्याला कोणाला विचारायची सोय नाही त्याने पत्र पाठवावे, त्याला छापील उत्तर मिळे. त्यात पापपुण्याची चर्चा नसे. ज्यापासून दुसऱ्याला इजा होत नाही ते अनीतिमान नव्हे, आणि ज्यापासून इजा होते त्याचे कारण शोधून ते टाळावे, एवढीच त्यांची नीती होती.

गुप्तरोगाला त्यांनी हाच न्याय लावला. इतर सांसर्गिक रोगांप्रमाणे हाही जंतूंचा संसर्ग. पटकीला आपण पापाची शिक्षा म्हणत नाही, मग यालाच का म्हणावे? रोग झाला तर लपवू नये, होऊ नये म्हणून साधने वापरावीत, आणि ती साधने कोणती हे स्पष्ट सांगावे, अशी त्यांची भूमिका होती. हे बोलणे आज साधे वाटते. त्या काळी अनेकांना वाटे की रोगाची भीती हाच नीतीचा पहारेकरी आहे. भीती काढली तर माणसे बिघडतील. या म्हणण्याला रघुनाथरावांचा विरोध होता, आणि मला वाटते तो योग्यच होता, कारण भीतीने माणूस घराबाहेर जायचा थांबत नाही, डॉक्टरकडे जायचा मात्र थांबतो.

आणि मग तो रोग घरी येतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंची हकिगत मला आत्याने सांगितली. नावगाव सांगण्याची गरज नाही. लग्नानंतर पहिली दोन बाळंतपणे वाया गेली, दोन्ही मुले पोटातच गेली. दोष अर्थातच बाईचा. देवीला नवस झाले, उपास झाले, सवत आणण्याची बोलणी झाली. तिसऱ्या खेपेला दवाखान्यात सर्व गरोदर बायांचे रक्त तपासतात तसे यांचेही तपासले आणि उपदंश निघाला. नवऱ्यालाही बोलावून तपासले. तो ट्रकवर होता. लग्नाच्या आधी कधीतरी एक न दुखणारी जखम झाली होती, रस्त्याकडेच्या तंबूतल्या एका वैदूने पूड दिली, पंधरा दिवसांत जखम गेली, तो विसरून गेला. दोघांना पेनिसिलीनची इंजेक्शने दिली. तिसरे मूल धडधाकट जन्मले, आता शाळेत जाते. हे सारे सांगताना आत्याचा आवाज खाली गेला होता, घरात आम्ही दोघीच असूनही.

रघुनाथरावांना या लेखनाची किंमत रोख मोजावी लागली. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य आहे, त्यावर लोक प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे नसेल तर मासिकच कशाला, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. लैंगिक विषयावरचे प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही, हाही त्यांचा मुद्दा होता. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला. नोकरी गेलेल्या माणसाला ही रक्कम थोडी नव्हती. बाबासाहेबांनी हे वकीलपत्र घेतले ही गोष्ट त्यांच्या जयंतीच्या भाषणांत मी कधी ऐकली नाही. सांगायला हवी.

तरी मासिक चालूच राहिले. वर्गणीदार बेताचे, पैशाची ओढाताण कायमची. रघुनाथराव स्वतःच संपादक, स्वतःच लेखक. त्यांचे लेखन सगळेच गोड नव्हते. विरोधकांशी ते तुटकपणे वागत, देवधर्मावर घाव घालताना समोरच्याच्या भावनांचा विचार करीत नसत. महात्मा गांधी संयमाचा उपदेश करीत आणि कृत्रिम साधनांना विरोध करीत, त्यांच्यावरही रघुनाथरावांनी कठोर टीका केली. शिवाय ते लिहीत ते वाचता येणाऱ्यांसाठी. आमच्या आजोबांपर्यंत ते मासिक पोहोचणे शक्यच नव्हते. तंबूतला वैदू पोहोचत होता. हा दोष त्यांचा म्हणावा की काळाचा, हे ठरवणे कठीण आहे.

१९४३ मध्ये अमेरिकेत महोनी यांनी पेनिसिलीनने उपदंश बरा होतो हे दाखवले. साल्व्हर्सनच्या काळात वर्ष-दीड वर्ष चालणारे, अंगाला त्रास देणारे उपचार मागे पडले. ज्या रोगापासून बचाव करण्यासाठी रघुनाथरावांनी पुस्तक लिहिले होते, तो सुरुवातीला ओळखला तर एका इंजेक्शनाने बरा होऊ लागला, हे त्यांनी हयातीत पाहिले. आजही तेच पेनिसिलीन उपदंशावर चालते, आणि सरकारी रुग्णालयांत या आजारांची तपासणी व औषधे मोफत आहेत. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. ज्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली होती, तोच आता सरकारचा कार्यक्रम झाला.

मालतीबाई त्यांच्या आधी गेल्या होत्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, रघुनाथरावांचे निधन झाले. सव्वीस वर्षे चाललेले 'समाजस्वास्थ्य' त्यांच्याबरोबरच थांबले. पुढे य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले, २००१ मध्ये अमोल पालेकर यांनी 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला. मुलगा गेला तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. १९५८ मध्ये महर्षींना भारतरत्न मिळाले, आणि त्यानंतरही ते चार वर्षे जगले.